चिठ्ठीचं दुसरं वाचन

मिक्श्चरच्या बाटलीवर पूर्वी कागदाची एक उभी पट्टी चिकटवलेली असे. कंपाउंडर ती पट्टी दुमडून तिच्या कडेला कात्रीने खाचा पाडी आणि उलगडून खळीने बाटलीच्या अंगाला डकवी. एका खाचेपासून दुसऱ्या खाचेपर्यंत एक डोस. अक्षरओळख नसलेल्या माणसालाही आपण किती प्यायचं हे त्या कातरलेल्या कडेवरून कळे. रोग्याच्या हातून चूक होणार हे धंद्याने गृहीत धरलं होतं आणि कागदाचा कपटा नि कात्री एवढ्यावर तिची तोड काढली होती. कंपाउंडरच्या हातूनही चूक होईल, डॉक्टरची चिठ्ठी तोही भलतीच वाचेल, हे गृहीत धरायला मात्र कुणी फारसं तयार नव्हतं. आजही नाही. अशी चूक उघडकीला आली की आपल्याकडे एकच शब्द निघतो, हलगर्जीपणा. एखाद्याला निलंबित केलं, दुकानाचा परवाना काही दिवस अडकवला, की प्रकरण मिटतं.

औषध देण्यातल्या चुकांचा इतिहास पाहिला तर हा शब्द फार तोकडा वाटू लागतो. चिठ्ठी दोनदा वाचली जावी, हे औषध देणाऱ्याच्या स्वतंत्र पेशाचं खरं काम आहे. एकदा ती लिहिणाऱ्याच्या नजरेखालून जाते, दुसऱ्यांदा देणाऱ्याच्या; पहिल्या नजरेतून सुटलेलं दुसरीत सापडावं. माझं म्हणणं असं की गेल्या शंभर वर्षांत आपण बाटलीत काय आहे हे तपासण्याची यंत्रणा उभी केली, पण चिठ्ठी दुसऱ्यांदा वाचणारा माणूस कधी डॉक्टरचा नोकर म्हणून दबून राहिला, तर कधी भिंतीवरच्या चौकटीतल्या सर्टिफिकेटपुरता उरला. चुकांना वाट तिथून मिळाली.

वैद्याच्या काळात हा प्रश्नच नव्हता, कारण चिठ्ठीच नव्हती. वैद्य नाडी पाही, औषध स्वतः खलात घोटी, पुडी बांधी आणि अनुपान तोंडी सांगे: मधातून, तुपातून, आल्याच्या रसातून. मापं गुंज, मासा, तोळा अशी. आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा. बाळगुटीला तर वजनाचंही माप नसे. सहाणेवर हळकुंडाचे किती वळसे आणि वेखंडाचे किती, हे घरातली म्हातारी बोलीवर ठरवी. चुका तिथेही होत असणारच; कच्चं राहिलेलं भस्म अंगाला बाधतं हे जुन्या वैद्यांना पक्कं ठाऊक होतं. पण ठरवणारा, करणारा आणि देणारा एकच असल्यामुळे वाचनातली चूक ही जातच तिथे संभवत नव्हती. युरोपात सम्राट दुसऱ्या फ्रेडरिकने १२४० च्या सुमारास सिसिलीच्या राज्यात वैद्य आणि औषध विकणारा यांना कायद्याने वेगळं केलं. वैद्याने औषधाचं दुकान चालवू नये, दुकानदाराशी भागीदारी करू नये, असा तो दंडक. त्यामागची काळजी बरीचशी पैशाची होती. दोघांनी मिळून रोग्याला लुबाडू नये, इतकंच. पण लिहिणारा एक आणि देणारा दुसरा झाल्यामुळे चुकीचं वाचण्याची शक्यता निर्माण झाली, आणि चूक पकडण्याचीही.

आपल्याकडे ही विभागणी दोन वेगळ्या वाटांनी आली. पणजीत १८४२ मध्ये पोर्तुगीजांनी वैद्यकशाळा काढली तेव्हा तिच्यात औषधनिर्मितीचं शिक्षणही ठेवलं. गोव्यातल्या दुकानांवर अजून दिसणारी ‘फार्मासिया’ ही पाटी त्या परंपरेतली. मुंबई इलाख्यात मात्र गोऱ्या साहेबांसाठी मोठे इंग्रज केमिस्ट आले (त्यांतल्या एकाच्या दुकानावरून केम्प्स कॉर्नर हे नाव पडलं) आणि बाकीच्यांसाठी कंपाउंडर नावाचा माणूस घडला. तो बहुधा डॉक्टरच्या हाताखालीच तयार होई. आधी बाटल्या धुवायच्या, मग बुचं निवडायची, मग पुड्या बांधायच्या, आणि काही वर्षांनी लाकडी पार्टिशनच्या खिडकीतून आलेली चिठ्ठी वाचायची.

ती चिठ्ठी कशी असे हे जरा जवळून पाहण्यासारखं आहे. औषधांची नावं लॅटिन, तीही तोडलेली. मापं इंग्रज अपॉथेकरीची: ग्रेन, स्क्रूपल, ड्रॅम, औंस, द्रवाला मिनिम. ड्रॅमची खूण म्हणजे जवळजवळ आपला देवनागरी ३, किंचित लांबट. औंसाची खूणही तशीच, फक्त डोक्यावर आणखी एक वळण. आठ ड्रॅमचा एक औंस. म्हणजे घाईत टाकाचं टोक एकदा जास्त वळलं किंवा कमी वळलं की मात्रा आठपट व्हायची नाहीतर आठव्या हिश्शावर यायची. ग्रेन आणि ग्रॅम यांची आद्याक्षरं एकसारखी, आणि एका ग्रॅममध्ये ग्रेन साधारण पंधरा. तोळा-माशात वाढलेल्या माणसाने ही परकी मापं परक्या लिपीत, परक्या भाषेत, कंदिलाच्या उजेडात वाचायची आणि समोर बाकावर दहा माणसं ताटकळलेली. यात चुका झाल्या याचं नवल नाही, रोजचं काम निभावलं गेलं याचंच नवल वाटावं. कंपाउंडरला आपल्या विनोदी वाङ्मयाने पाणी मिसळणारा, डॉक्टरपेक्षा जास्त डॉक्टरकी करणारा म्हणून रंगवलं. मला ते थोडं अन्यायाचं वाटतं.

मात्रा बरोबर असली तरी धोका टळत नसे. स्ट्रिक्निन हे विष त्या काळी शक्तिवर्धक म्हणून अगदी कमी प्रमाणात मिक्श्चरात घालत. त्याच बाटलीत ब्रोमाइड गेलं की स्ट्रिक्निनचे बारीक स्फटिक तयार होऊन हळूहळू तळाशी बसतात. पहिले डोस निरुपद्रवी, शेवटच्या डोसात सगळं विष एकवटलेलं. ‘बाटली हलवून घेणे’ ही सूचना आज आपण वाचतही नाही, तिच्यामागे असे इशारे होते. अगाथा ख्रिस्तीने १९२० च्या तिच्या पहिल्या कादंबरीतला खून याच गुणधर्मावर बेतला. ज्यांनी ती वाचलेली नाही त्यांची माफी मागतो, पण बाईंना हे कुठून कळलं हे सांगायलाच हवं. पहिल्या महायुद्धात टॉर्की गावच्या रुग्णालयात त्या औषध देण्याचं काम करत. शिकण्यासाठी त्या एका दुकानात जात, तिथल्या फार्मासिस्टने सपोझिटरी, म्हणजे गुदद्वारातून द्यायच्या औषधी वड्या, बनवताना हिशेबात दशांश चिन्ह एक घर सरकवलं. औषध दसपट झालं. शिकाऊ मुलीला ते दिसलं, पण त्या गृहस्थांना चूक दाखवली तर ते ऐकणार नाहीत हेही तिला कळत होतं. तिने ठेच लागल्याचं सोंग केलं, वड्या खाली पाडल्या आणि त्यांच्यावर नीट पाय दिला. आत्मचरित्रात हे सगळं आलं आहे. दुसरं वाचन म्हणतो ते हेच. चूक सापडली होती, पण बोलायची सोय नव्हती, म्हणून ती पायाखाली चिरडावी लागली.

आपल्या कंपाउंडरची सोय तर याहून कमी. त्याचा पगार डॉक्टर देई, त्याला विद्या डॉक्टरने दिलेली, आणि ‘साहेब, हे जरा जास्त वाटतंय’ हे वाक्य त्याने कुठल्या तोंडाने बोलावं? बोलणारे काही असतीलही. पण पेशाची रचना अशी होती की बोलणं हे त्याच्या धीटपणावर अवलंबून राहिलं, त्याच्या कामाचा भाग झालं नाही.

इंग्लंडमध्ये कायद्याला जाग आणली ती मात्र चिठ्ठीशी संबंध नसलेल्या एका घटनेने. १८५८ च्या ऑक्टोबरात ब्रॅडफर्डच्या बाजारात पेपरमिंटच्या गोळ्या खाऊन वीसएक माणसं मेली, दोनशेच्या वर आजारी पडली. मिठाईवाला साखरेत स्वस्त जिप्समची पूड मिसळत असे. ती आणायला माणूस औषधाच्या दुकानात गेला. मालक आजारी, अंथरुणात. त्याने मदतनिसाला माळ्यावरच्या कोपऱ्यातलं पिंप सांगितलं, आणि मदतनिसाने बारा पौंड पांढरी पूड मोजून दिली ती सोमलाची. खटला उभा राहिला, पण शिक्षा कुणालाच झाली नाही. पुढे १८६८ चा फार्मसी कायदा आला त्याच्या कारणांत ही घटना मोजली जाते. विष विकायचं तर नोंदणी झालेल्या माणसानेच, बाटलीवर ‘विष’ हा शब्द आणि विकणाऱ्याचं नाव हवं. विषाच्या बाटल्या निळ्या-हिरव्या काचेच्या, अंगावर उभ्या रेघा असलेल्या करू लागले, म्हणजे अंधारातही बोटांना समजावं. हे सगळे उपाय चांगलेच होते. पण ते वस्तूवर केलेले होते: कुलूप, लेबल, काच. आपल्याकडे विषांचे कायदे १९०४ आणि १९१९ मध्ये आले, त्यांचा रोखही विष बाळगण्या-विकण्याच्या परवान्यावरच होता.

हिंदुस्थानात औषधांच्या कायद्याची सुरुवात झाली ती बनावट मालाच्या भीतीतून. हिवतापाने लोक मरत होते आणि बाजारातल्या क्विनीनमध्ये क्विनीन किती याची खात्री नव्हती. १९२७ मध्ये कौन्सिल ऑफ स्टेटमध्ये हारून जाफर यांनी निकृष्ट औषधांविरुद्ध ठराव मांडला, १९३० मध्ये कर्नल रामनाथ चोप्रा यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, पुढच्या वर्षी अहवाल आला. चोप्रा समितीची दृष्टी व्यापक होती हे मान्य केलं पाहिजे. औषधाचा दर्जा आणि औषध देणाऱ्याचं शिक्षण ही दोन्ही कामं केंद्रीय कायद्याने व्हावीत, असंच तिचं म्हणणं होतं. प्रत्यक्षात काय झालं? औषध कायदा १९४० मध्ये आला, त्याचे नियम १९४५ मध्ये, आणि फार्मसी कायद्याला १९४८ उजाडलं. माल आधी, माणूस नंतर. इन्स्पेक्टर दुकानात येई तो नमुना घ्यायला, मुदत संपलेला माल पाहायला. चिठ्ठीवर लिहिलेलं आणि पुडीत बांधलेलं एकच आहे का, हे ताडून पाहण्याची पद्धत त्याच्या कामात फारशी बसलीच नाही.

१९४८ च्या कायद्याचं ४२ वं कलम वाचताना मात्र समाधान वाटतं. डॉक्टरच्या चिठ्ठीवरचं औषध नोंदणीकृत फार्मासिस्टशिवाय कुणी बनवू नये, मिसळू नये, देऊ नये. दुसऱ्या वाचनाला इतका स्पष्ट कायदेशीर आधार क्वचितच मिळाला असेल. पण त्याच कलमाला एक परंतुक आहे: डॉक्टर स्वतःच्या रोग्याला औषध देत असेल तर ही अट नाही. आणि पहिल्या नोंदवहीत नाव घालताना पाच वर्षं कंपाउंडिंग केलेल्यांनाही सामावून घेतलं गेलं. दुसरी सवलत समजण्यासारखी आहे. त्या हजारो माणसांना घरी बसवलं असतं तर दवाखाने बंद पडले असते, आणि अनुभव ही काही हलकी पात्रता नव्हे. पहिल्या सवलतीने मात्र महाराष्ट्रातल्या फॅमिली डॉक्टरची सबंध पद्धत कायद्याच्या बाहेर ठेवली. पांढऱ्या कागदात दोन गोल गोळ्या, एक लांबट, अर्धी पिवळी, सकाळ-दुपार-रात्र. ना नाव, ना मात्रा, ना कंपनी. तिथे फार्मासिस्टचं वाचन नव्हतं आणि रोग्यालाही काही वाचता येत नव्हतं. स्वस्त होतं, सोयीचं होतं, आणि त्याने बरे झालेले असंख्य आहेत, हेही तितकंच खरं. त्यातल्या चुका किती, हे मात्र कधीच कळणार नाही, कारण पुडीचा कागद कचऱ्यात गेला की पुरावा संपला.

इथे एक आक्षेप रास्त आहे. कोणी म्हणेल, माणसं मेली ती खराब औषधांनी; देण्याघेण्यातल्या चुकांचा एवढा बाऊ कशाला? १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात भेसळीच्या ग्लिसरॉलने १४ रुग्ण दगावले आणि न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने खरेदीपासून परवान्यापर्यंतचा सडका कारभार चव्हाट्यावर मांडला. त्या प्रकरणात चिठ्ठी कुणी चुकीची वाचलेली नव्हती. तेव्हा मालावर नजर ठेवणं चूक होतं असं म्हणण्याचा वेडेपणा मी करणार नाही. पण भेसळ एका ठिकाणी, एका दिवसात अनेकांना मारते म्हणून ती दिसते. चुकीची गोळी एकेकाला, वेगवेगळ्या घरांत, आधीच आजारी असलेल्या माणसाला लागते. दगावलेल्या माणसाच्या दाखल्यावर आजाराचं नाव पडतं. जे मोजलं जात नाही ते कमी आहे असं समजणं हा हिशेबाचा घोटाळा आहे.

साठ-सत्तरच्या दशकांत खल मागे पडला, कारखान्यातली गोळी आली आणि चुकीची जागा बदलली. आठपट आणि दसपट मात्रेची चूक कमी झाली. पाच मिलिग्रॅमची गोळी पाचच मिलिग्रॅमची निघते. दशमान पद्धतीने ड्रॅम आणि औंसाच्या खुणाही घालवल्या. आता सगळा भार नावावर आला. कंपाउंडर पदार्थ ओळखत असे, वासाने, रंगाने, चवीने. चांदीच्या वर्खासारख्या पट्टीत बंद असलेल्या गोळीला वास नाही. तिची ओळख म्हणजे पाठीवर छापलेली अक्षरं, आणि ही अक्षरं कंपन्या आपापल्या सोयीने जुळवणार. अमेरिकेत लोसेक नावाचं पित्ताचं औषध आणि लॅसिक्स नावाचं लघवी वाढवणारं औषध यांची हस्ताक्षरात गल्लत होऊ लागली, तेव्हा १९९० मध्ये लोसेकचं नाव बदलून प्रिलोसेक केलं गेलं. आपल्याकडे असा वाद सर्वोच्च न्यायालयात पोचला तो २००१ मध्ये. फाल्सिगो आणि फाल्सिटॅब ही मेंदूच्या हिवतापावरची दोन औषधं, दोन्ही एकाच मूळ उद्योगातून फुटलेल्या दोन कंपन्यांची. एकात आर्टेसुनेट, दुसऱ्यात मेफ्लोक्विन. आजार एक, पण द्रव्य, मात्रा, दुष्परिणाम सगळं वेगळं. प्रतिवादीचा युक्तिवाद असा की ही औषधं डॉक्टरच्या चिठ्ठीवरच मिळतात, तज्ज्ञ माणसं फसत नाहीत. न्यायालयाने ते मानलं नाही. डॉक्टर आणि औषध विक्रेतेही चुकतात. चिठ्ठ्या घाईत लिहिल्या जातात, औषधं फोनवर सांगितली जातात. बिस्किटाच्या नावातला सारखेपणा चालून जाईल, औषधाच्या नावाला अधिक कडक कसोटी हवी. निकालाने पुढचं पाऊलही सुचवलं होतं: औषधाला परवानगी देतानाच नावाचा शोध घेतला जावा. कंपनीने ‘हे नाव दुसऱ्या कुणाच्या नावाशी मिळतंजुळतं नाही’ अशी हमी लिहून द्यावी, हा नियम आला २०१९ मध्ये. अठरा वर्षं. आणि हमी कंपनीनेच द्यायची.

मग सगळा दोष डॉक्टरांच्या अक्षराचा, असं म्हणणारे पुष्कळ आहेत. डॉक्टरी अक्षर हा आपला हक्काचा विनोद आहे, आणि २०१६ मध्ये मेडिकल कौन्सिलने औषधांची जेनेरिक नावं सुवाच्य, शक्यतो मोठ्या लिपीतल्या अक्षरांत लिहावीत असा नियम केला तो योग्यच होता. पण अक्षरावर सगळं ढकलता येत नाही, याचा पुरावा इंग्लंडमधल्या १९८० च्या दशकातल्या एका खटल्यात मिळतो. डॉक्टरने अमॉक्सिल हे प्रतिजैविक लिहिलं होतं, फार्मासिस्टने ते डाओनिल वाचलं. डाओनिल मधुमेहाचं, रक्तातली साखर उतरवणारं. रोग्याला मधुमेह नव्हता. त्याच्या मेंदूला कायमची इजा झाली. अक्षर वाईट होतं हे न्यायालयाने मान्य केलं आणि भरपाईचा पंचवीस टक्के भार डॉक्टरवर टाकला. पंचाहत्तर टक्के फार्मासिस्टवर. कारण नाव सोडून बाकी सगळी चिठ्ठी ओरडून सांगत होती की हे मधुमेहाचं औषध नव्हे: गोळीची ताकद २५० मिलिग्रॅम, दिवसातून तीनदा, एकूण २१ गोळ्या. डाओनिल अशा ताकदीचं येत नाही, दिवसातून तीनदा देत नाहीत, आठवड्याचा कोर्स म्हणूनही देत नाहीत. शिवाय इंग्लंडात मधुमेह्याला औषध फुकट मिळतं आणि या माणसाने तर पैसे मोजले होते. एवढ्या खुणा असताना हात फोनकडे जायला हवा होता. मला हा निकाल या पेशाची नेमकी व्याख्या वाटतो. फार्मासिस्टचं काम अक्षर लावण्याचं नाही, अर्थ लावण्याचं आहे.

आपल्या दुकानांत हा अर्थ कोण लावतो? भिंतीवर चौकटीत सर्टिफिकेट असतं, त्यावरचं नाव आणि काउंटरमागचा चेहरा एक असेलच असं नाही. सर्टिफिकेट भाड्याने देणं ही गोष्ट इतकी उघड आहे की तिला गुपित म्हणणंही जड जातं. २०१२ च्या सुमारास महेश झगडे अन्न व औषध प्रशासनाचे आयुक्त असताना महाराष्ट्रात याविरुद्ध जोरदार मोहीम झाली. दुकानात फार्मासिस्ट नाही म्हणून परवान्यांवर कारवाया सुरू झाल्या, आणि विक्रेत्यांच्या संघटनांनी बंद पुकारून उत्तर दिलं. त्यांची बाजूही ऐकावी अशी आहे. नफा सरकारने बांधून दिलेला, तालुक्याच्या गावी पदवीधर मिळत नाही, मिळाला तर कंपनीत जातो, सकाळी नऊ ते रात्री अकरा दुकान चालवायचं तर दोन फार्मासिस्टांचा पगार कुठून काढायचा; आणि चाळीस वर्षं काउंटरवर उभ्या असलेल्या माणसाला नव्या पोरापेक्षा औषधं जास्त कळतात. शेवटचं विधान खोटं नाही. पण त्या माणसाला औषधांची नावं, खोकी, जागा पाठ असतात. कुठली मात्रा कुठल्या माणसाला जड जाईल हे त्याला कुणी शिकवलेलं नसतं. सांधेदुखीवर मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदा घ्यायचं असतं, रोज घेतलं तर ते रक्तपेशीच मारतं. ही गोळी रोज लिहिलेली दिसली तर थबकायचं, हे खोकं ओळखून कळत नाही. पैशाची अडचण खरी असेल तर तिच्यावर उपाय पैशाचाच शोधावा. ४२ वं कलम पुस्तकात ठेवून काउंटरवर विसरून जाणं हा उपाय नव्हे.

संगणक आला की हे सगळं सुटेल, असंही सांगतात. छापील चिठ्ठीने वाचनाची अडचण बरीच हटते, यात शंका नाही. पण पडद्यावर पहिली तीन अक्षरं टाकली की सारख्या नावांची रांग उघडते आणि बोट एक ओळ खाली सरकतं. मग चुकीचं नाव सुवाच्य, टंकलिखित आणि अधिक अधिकारवाणीचं होऊन येतं. त्याला हटकायला समजणारा माणूसच लागतो. २०१५ च्या फार्मसी प्रॅक्टिस रेग्युलेशन्सनी हे ओळखलं होतं: फार्मासिस्टने चिठ्ठी तपासावी, रोग्याशी बोलावं, औषध कसं घ्यायचं ते समजावून सांगावं. आपल्या दुकानांत हे संभाषण अजून तरी ‘सुट्टे द्या’ याच्या पुढे क्वचितच जातं.

१९४५ च्या नियमांतला ६५ वा नियम अजून लागू आहे. चिठ्ठीवर दिलेल्या औषधाची नोंद कशी करायची हे त्यात बारकाईने सांगितलं आहे: अनुक्रमांक, तारीख, डॉक्टरचं नाव-पत्ता, रोग्याचं नाव-पत्ता, औषधाचं नाव, प्रमाण, काही औषधांच्या बाबतीत कंपनी, बॅच क्रमांक आणि मुदत, आणि शेवटी ज्याच्या देखरेखीखाली औषध दिलं त्या फार्मासिस्टची सही. मूळ वेष्टनातलं औषध असेल तर नोंदवहीऐवजी बिलावर भागतं, म्हणून आता बहुतेक ठिकाणी बिलच असतं. डॉक्टरला फोन करून शंका विचारली, किंवा चुकीचं औषध जाता जाता थांबवलं, हे लिहायला त्या नोंदवहीत रकाना नव्हता, बिलावरही नाही.